बिदागीवरचे पंच

दिवाळीच्या अंकात शिमगा कशाला, असे कोणी विचारील. ताटात चकली आहे, दारात पणती आहे, मुले फुलबाज्या उडवीत आहेत, आणि हा गृहस्थ सातासमुद्रापलीकडच्या शिट्ट्यांच्या नावाने बोंब मारीत बसला आहे! पण वाचकहो, आपल्यापैकी अनेकांची मुले-नातवंडे आज अमेरिकेतल्या कॉलेजांत शिकताहेत. तिथे मार्च महिना उजाडला की अभ्यास, प्रेम आणि जेवण या तिन्ही गोष्टी बाजूला पडतात आणि कॉलेजांच्या बास्केटबॉलखेरीज कोणाला दुसरे काही सुचत नाही. मी त्या देशात वीस वर्षे राहतो आहे. हा खेळ मला मनापासून आवडतो. म्हणूनच जे सांगायचे ते रागाने सांगणार आहे.

१८९१ च्या डिसेंबरात स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने व्यायामशाळेत पीच फळांच्या दोन टोपल्या टांगल्या आणि हा खेळ शोधून काढला. त्याने नियम लिहिले तेरा, आणि त्यांतले दोन पंचांसाठी राखून ठेवले. एका पंचाने माणसांवर नजर ठेवायची, दुसऱ्याने चेंडूवर. न्यायाधीशावाचून खेळ म्हणजे मारामारी, हे त्या भल्या माणसाला पहिल्याच दिवशी कळले होते. त्याच्या वारसांना ते अजून कळायचे आहे.

पैशाची टंचाई म्हणावी, तर तीही नाही. मार्चमधल्या राष्ट्रीय स्पर्धेच्या प्रक्षेपणासाठी २०१० साली चौदा वर्षांचा करार झाला तो १०८० कोटी डॉलरांचा. २०१६ साली त्याला आणखी आठ वर्षे जोडली, ८८० कोटींना. नामांकित प्रशिक्षकांचे पगार राज्याच्या गव्हर्नराला लाजवतील असे. २०२५ पासून कॉलेजे खेळाडूंनाही उघडपणे वाटा देऊ लागली, आणि ते योग्यच झाले. या लक्ष्मीपूजनात एकच माणूस उंबऱ्याबाहेर उभा आहे, तो म्हणजे पंच. तो कोणाचा नोकर नाही. कॉलेजांचे जे निरनिराळे गट आहेत, ज्यांना तिकडे कॉन्फरन्स म्हणतात, ते त्याला सामन्यागणिक बोलावतात आणि बिदागी देतात. आज या गावी, उद्या त्या गावी. आठवड्यात पाच-सहा सामने करणारेही पंच आहेत. रात्री सामना, पहाटे विमान, संध्याकाळी पुन्हा शिट्टी. अशा माणसाची नजर शेवटच्या मिनिटाला ताजी राहावी, ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

बिदागी आपल्याकडे कीर्तनकारालाही मिळते. पण कीर्तन फसले तर गाव त्याला पुन्हा बोलावीत नाही, आणि का बोलावीत नाही हे साऱ्या गावाला ठाऊक असते. इथे पंचाची परीक्षा होते ती बंद खोलीत. कामे वाढली की कमी झाली, आणि ती का, हे प्रेक्षकाला कळत नाही. उलट प्रशिक्षकाने पंचाविरुद्ध जाहीर ब्र काढला, तर त्याच्याच गटाकडून त्याला ताकीद मिळते किंवा दंड होतो. तेरी भी चूप, मेरी भी चूप!

या चुपचापीची किंमत कोण देतो ते पाहा. ६ एप्रिल २०१९, मिनियापोलिस, राष्ट्रीय स्पर्धेचा उपांत्य सामना. अवघे काही सेकंद उरलेले. ऑबर्न ६२, व्हर्जिनिया ६०. व्हर्जिनियाचा खेळाडू चेंडू टपटपवीत निघाला. चेंडू त्याच्याच पायाला लागून मागे गेला, त्याने तो दोन्ही हातांत धरला आणि पुन्हा टपटपवीत चालू लागला. धरलेला चेंडू पुन्हा टपटपवता येत नाही, हे शाळेतले पोरही सांगेल. शिट्टी वाजली नाही. पडदा पाहून फेरतपासणी करण्याची सोय आहे, पण ती या चुकीला लागू नाही. मग ०.६ सेकंद उरले असताना ऑबर्नच्या खेळाडूने फाऊल केला. ती शिट्टी मात्र वाजली, आणि माझ्या मते ती रास्तच होती. तीन फ्री थ्रो, तिन्ही टोपलीत, ६३–६२. दोन दिवसांनी व्हर्जिनिया राष्ट्रीय विजेता झाला. सामन्यानंतर हरलेल्या वीस-बावीस वर्षांच्या मुलांना वार्ताहरांपुढे बसून उत्तरे द्यावी लागतात. पंच त्या टेबलाशी येत नाहीत. तशी रीतच नाही.

ज्याने पंचांवर देखरेख करायची, त्याची कथा तर विचारूच नका. २०१३ साली पॅसिफिक किनाऱ्याकडच्या एका बड्या गटाच्या पंचप्रमुखाने आपल्या पंचांच्या बैठकीत सांगितले, की अ‍ॅरिझोनाच्या प्रशिक्षकाला टेक्निकल फाऊल देणाऱ्याला पाच हजार डॉलर किंवा मेक्सिकोतल्या कानकूनची सहल! त्या स्पर्धेत त्या प्रशिक्षकाला खरोखरच टेक्निकल फाऊल मिळाला आणि त्याचा संघ दोन गुणांनी हरला. गटाने म्हटले, ती थट्टा होती. असेल. पण बातमी फुटली तेव्हाच पंचप्रमुखांनी राजीनामा दिला. फुटली नसती तर?

कोणी म्हणेल, बिचाऱ्या पंचांना चव्हाट्यावर कशाला आणता? त्यांना तुम्ही आधीच जमावाच्या हाती दिले आहे, हे माझे उत्तर. २०१७ साली केंटकीचा संघ नॉर्थ कॅरोलिनाकडून ७३–७५ असा हरला. त्या सामन्यातल्या एका पंचाचा ओमाहा शहरात घरांवर छपरे घालण्याचा धंदा आहे. बिदागीवरच्या माणसाला धंदा हवाच! संतापलेल्या लोकांनी त्याच्या धंद्यावर खोटे शेरे लिहिले, फोनचा मारा केला, जिवाच्या धमक्या दिल्या. ज्या माध्यमसंस्थेमुळे हे पेटले असे त्याचे म्हणणे होते, तिच्यावर त्याने दावा लावला. तो खालच्या कोर्टाने फेटाळला आणि २०२० साली अपिलातही फेटाळला गेला. जिथे कचेरी न्याय करीत नाही, तिथे जमाव करतो, आणि जमावाला छप्पर आणि शिट्टी यांतला फरक कळत नाही.

त्याच देशातल्या व्यावसायिक बास्केटबॉलचे पंच मात्र पगारी नोकर आहेत. तेही धुतल्या तांदळासारखे नव्हेत. २००७ साली त्यांच्यातला एक जण सामन्यांवर पैसे लावताना सापडला आणि पुढे पंधरा महिन्यांसाठी तुरुंगात गेला. पण ती लीग त्यातून शिकली. २०१५ पासून चुरशीच्या सामन्यांतल्या शेवटच्या दोन मिनिटांचा अहवाल ती छापते. कोणती शिट्टी बरोबर, कोणती चूक, कोणती वाजायला हवी होती, हे ओळीने मांडलेले असते. पंचांच्या संघटनेला हे रुचत नाही, आणि निकालही बदलत नाही. न बदलो! चूक झाली एवढे कोणीतरी सहीनिशी कबूल करते. क्रिकेटमध्येही आंतरराष्ट्रीय पंचांची कराराने बांधलेली वरिष्ठ फळी २००२ पासून आहे. आपल्याकडे गल्लीतला पोरगादेखील तिच्यातल्या पंचांची नावे घडाघडा सांगतो आणि त्यांच्या चुका मोजतो.

कॉलेजांनी असे का करू नये? २०१८ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने सट्ट्याची दारे उघडली आहेत, तीसहून अधिक राज्यांत तो कायदेशीर आहे. म्हणजे एका शिट्टीवर आता नुसती मने नाहीत, पैशांच्या राशी हलतात. सर्व गटांनी मिळून पंचांची एकच नोकरवर्गवारी करावी. त्यांना वर्षाचा पगार द्यावा, आठवड्याचे सामने मोजून द्यावेत, आणि निदान मार्चच्या स्पर्धेतला प्रत्येक अहवाल छापावा. २०२४ साली मुलींच्या राष्ट्रीय स्पर्धेत एका पंचाने खेळणाऱ्या दोन कॉलेजांपैकी एकाची पदवी घेतलेली आहे, हे कळले ते सामना सुरू झाल्यावर, आणि मध्यंतरात पंच बदलावा लागला. पगारी नोकराची पदवी मालकाच्या दप्तरात नोंदलेली असते हो!

नोव्हेंबर लागला की नवा हंगाम सुरू होतो. साडेतीनशेहून अधिक कॉलेजांचे संघ झगमगत्या दिव्यांखाली उतरतील, प्रशिक्षक नवे कोट घालतील. पंच त्या वेळी कुठल्यातरी विमानतळाच्या बाकावर बॅग उशाशी घेऊन दुसऱ्या गावाच्या विमानाची वाट पाहत असतील.