पारायण की फडशा?

दिवाळीची वा उन्हाळ्याची सुट्टी लागली की पूर्वी घरोघरी मुलांना एक प्रश्न हमखास विचारला जाई, ‘यंदा काय वाचलेस?’ आज त्याच घरांतील मुले एकमेकांना विचारतात, ‘कोणती मालिका संपवलीस?’ या प्रश्नातील क्रियापद लक्षात घेण्याजोगे आहे. मालिका ‘पाहिली’ नव्हे, ‘संपवली’. ताटातला पदार्थ संपवावा, तशी आठ-दहा भागांची मालिका एका रात्रीत संपवली जाते आणि सकाळी सुजलेल्या डोळ्यांनी पुढच्या मालिकेचा शोध सुरू होतो. इंग्रजीत या प्रकाराला ‘बिंज वॉचिंग’ म्हणतात. अधाशासारखे खाणेपिणे या अर्थाचा शब्द पाहण्याच्या क्रियेला जोडला गेला आणि तो इतका रूढ झाला की, कॉलिन्स शब्दकोशाने २०१५ साली ‘वर्षाचा शब्द’ म्हणून त्याचीच निवड केली.

ही सवय केवळ तरुणांची आहे असे मानणे ही आत्मवंचना ठरेल. निवृत्त आजोबा, घरातली कामे आटोपलेली गृहिणी, कार्यालयातून लोकलने परतणारा कर्ता पुरुष, सारेच आज आपापल्या पडद्यापुढे आहेत. चौघांचे घर, चार पडदे आणि चार निरनिराळ्या कथा. रात्रीच्या जेवणाला सगळे एकत्र बसले, तरी बोलायला समान विषय उरत नाही. चिंता करायची ती याची. मालिका सलग पाहणे हा अपराध नाही. ती कशी पाहिली जाते आणि कोणाबरोबर पाहिली जाते, हा खरा प्रश्न आहे.

एखादी कथा आरंभापासून अखेरपर्यंत सलग अनुभवण्याची ओढ मराठी घराला नवी नाही. गुरुचरित्राचा सप्ताह, ज्ञानेश्वरीचे पारायण, श्रावणातले पोथीवाचन ही या ओढीचीच रूपे आहेत. पण पारायणाला काही रीत आहे. आधी संकल्प असतो. रोजचा भाग ठरलेला असतो. वाचणारा एक आणि ऐकणारे अनेक असतात. न समजलेल्या ओवीचा अर्थ विचारता येतो. आणि शेवटी सांगता असते. आरंभ ठरवून केलेला आणि शेवट समाधानाने झालेला, अशी त्याची घडण आहे. आजच्या सलग पाहण्यात यातले काहीच उरलेले नाही. म्हणून त्याला पारायण म्हणता येत नाही. तो फडशा आहे.

हा फडशा आपोआप पडत नाही, तो पाडून घेतला जातो. नेटफ्लिक्सने २०१३ साली ‘हाऊस ऑफ कार्ड्‌स’ या मालिकेच्या पहिल्या पर्वाचे सर्व तेरा भाग एकाच दिवशी प्रेक्षकांपुढे ठेवले, तेव्हापासून ही पद्धत जगभर फोफावली. एक भाग संपतो न संपतो, तोच पुढचा आपोआप सुरू होतो. उठायचे की बसायचे, हे ठरवण्याचा क्षणच प्रेक्षकाच्या हातून काढून घेतला जातो. याच कंपनीचे तत्कालीन प्रमुख रीड हेस्टिंग्ज यांनी २०१७ साली आपली स्पर्धा माणसाच्या झोपेशी असल्याचे म्हटले होते. इतक्या स्पष्ट कबुलीनंतर तरी सावध व्हायला हवे होते. दुसऱ्या टोकाला आपल्या वाहिन्यांवरील रोजच्या मालिका आहेत. ‘चार दिवस सासूचे’ या मालिकेचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. एक प्रकार प्रेक्षकाला उठू देत नाही आणि दुसऱ्याला शेवटच माहीत नाही. दोन्हींत कथेचा प्राण हरवतो, कारण शेवट कुठे व्हावा हे कथा ठरवत नाही, व्यापार ठरवतो.

यावर काही जण म्हणतील की, उत्कंठा नसेल तर कोण बसून पाहील? त्याचे उत्तर २०२० सालच्या टाळेबंदीने दिले आहे. त्या वर्षी २८ मार्चपासून दूरदर्शनने रामानंद सागर यांची ‘रामायण’ मालिका पुन्हा दाखवायला सुरुवात केली. सकाळी एक तास आणि रात्री एक तास. मूळ प्रक्षेपण १९८७-८८ सालचे, दर रविवारी सकाळचे. चित्रणाचे तंत्र जुने, युद्धातले बाणही आजच्या मुलांना हसू आणणारे. तरीही कोट्यवधी घरांत तीन पिढ्या एकत्र बसल्या. पुढे काय होणार हे ज्या कथेत सर्वांना ठाऊक आहे, तीच कथा सर्वांत अधिक पाहिली गेली. सेतू बांधला जाणार आहे आणि रावण मारला जाणार आहे, हे पाच वर्षांच्या नातवालाही माहीत होते. म्हणजे माणसे रहस्यासाठी बसली नव्हती. ती कथेच्या सहवासासाठी आणि एकमेकांच्या सहवासासाठी बसली होती. टाळेबंदी उठली, दारे उघडली आणि घरातले पडदे पुन्हा चार झाले.

मग आरंभापासून अखेरपर्यंत पाहावी अशी मालिका कोणती? अनेक नावे घेता येतील. पण एका मालिकेचा विचार आवर्जून व्हावा. डॉ. चंद्रप्रकाश द्विवेदी यांची ‘चाणक्य’ ही मालिका १९९१-९२ साली दूरदर्शनवर दाखवली गेली. लेखन, दिग्दर्शन आणि चाणक्याची भूमिका, तिन्ही त्यांचीच. वैद्यकाचे शिक्षण घेतलेल्या या तरुणाने प्राचीन ग्रंथांचा अभ्यास करून ही निर्मिती उभी केली. भाग अवघे ४७. चाणक्याच्या बालपणापासून निघालेली कथा तक्षशिलेच्या गुरुकुलातून आणि सिकंदराच्या आक्रमणातून पुढे जात चंद्रगुप्ताच्या राज्याभिषेकापर्यंत पोहोचते. तिला आदी आहे, मध्य आहे आणि अंत आहे.

चाणक्याचे नाव आज प्रत्येकाच्या तोंडी आहे. त्याच्या नावाने खरीखोटी वचने मोबाइलवर रोज फिरतात. या मालिकेतील तेजस्वी संवादांचे अर्ध्या मिनिटाचे तुकडे तर कार्यकर्त्यांच्या गटांमध्येही उत्साहाने पाठवले जातात. परंतु तुकड्यांतून दिसणारा चाणक्य म्हणजे शेंडी मोकळी सोडून प्रतिज्ञा करणारा एक संतप्त ब्राह्मण, एवढाच उरतो. संताप हा त्याच्या कथेचा प्रारंभ आहे, शेवट नव्हे. या कथेला ज्याचा मोठा आधार आहे, त्या विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षस’ नाटकाचा शेवट काय आहे? नंदांचा नाश झाल्यावरही त्यांच्याशी निष्ठा राखणारा अमात्य राक्षस हा चंद्रगुप्ताचा कट्टर विरोधक. चाणक्य त्याला मारत नाही. त्याची निष्ठा आणि योग्यता ओळखून त्याला जिंकतो आणि चंद्रगुप्ताचे मंत्रिपद त्याच्याच हाती सोपवतो. प्रतिज्ञा पूर्ण झाल्यावर मोकळी शेंडी बांधली जाते. वैराची अखेर राज्यरचनेत होते.

ज्याने केवळ तुकडा पाहिला, त्याच्या हाती प्रतिज्ञा लागते. ज्याने शेवटपर्यंत पाहिले, त्याला त्या प्रतिज्ञेचे प्रयोजन कळते. सार्वजनिक कामात असलेल्यांनी हा भेद विशेष ध्यानात घ्यावा असा आहे. घोषणा अर्ध्या मिनिटात देता येते. तिच्यामागचा विचार समजून घ्यायला ४७ भागांइतका धीर लागतो. जो धीर मालिका पाहताना राहत नाही, तो संघटनेच्या कामात कोठून येणार?

अशी मालिका घराने मिळून पाहिली तर आणखीही काही साधते. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना तिची संस्कृतप्रचुर हिंदी प्रथम जड जाईल. ‘अमात्य’ म्हणजे कोण, असा प्रश्न येईल. तेव्हा शिवरायांच्या अष्टप्रधानांतही अमात्य होते आणि रामचंद्रपंत अमात्यांचे नाव ‘आज्ञापत्रा’शी जोडलेले आहे, हे सांगायला आजी-आजोबा शेजारी हवेत. ‘हे सारे असेच घडले का?’ असेही मुले विचारतील. ‘मुद्राराक्षस’ हे नाटक मौर्यकाळानंतर काही शतकांनी लिहिले गेले. इतिहास आणि नाट्य यांत अंतर असते, हे त्यांना मोकळेपणाने सांगावे. प्रश्नाला न घाबरणारे घर मुलांना जे देते, ते कोणतीही मालिका देऊ शकत नाही.

नव्या निर्मितीकडे पाठ फिरवावी असा याचा अर्थ नाही. होमी भाभा आणि विक्रम साराभाई यांच्या कार्यावर आधारलेली ‘रॉकेट बॉईज’ ही मालिका २०२२ आणि २०२३ साली दोन पर्वांत आली. स्वतंत्र भारताच्या विज्ञानस्वप्नापासून १९७४ च्या पोखरण चाचणीपर्यंतचा प्रवास तिने अवघ्या सोळा भागांत मांडला आणि ती थांबली. तिच्यातील काही पात्रे व प्रसंग कल्पित आहेत, पण त्यानिमित्ताने खऱ्या चरित्रांकडे वळता येते. जुने तेवढे सोने हा निकष नव्हे. कथेला शेवट आहे का, ती घरात सर्वांसमवेत पाहता येते का आणि संपल्यावर काही वाचावेसे, विचारावेसे वाटते का, हे तीन निकष पुरेसे आहेत.

करायचे ते अवघड नाही. घरातल्या सर्वांनी मिळून एक मालिका निवडावी. वेळ ठरवावी आणि रोज दोनच भाग पाहावेत. ‘चाणक्य’ या हिशेबाने चोवीस दिवसांत पूर्ण होते. पुढचा भाग आपोआप सुरू करणारी सोय आधी बंद करावी. पाहताना हातातले मोबाइल दूर ठेवावेत आणि पाहून झाल्यावर दहा मिनिटे बोलावे. आठवड्याभराने येणाऱ्या रविवारची वाट पाहताना पूर्वी जी चर्चा घरात, शेजारी आणि गाडीच्या डब्यात होत असे, तिची जागा निदान ही दहा मिनिटे घेतील. शेवटचा भाग झाला की त्याच दिवशी दुसरी मालिका लावू नये. सांगतेनंतर मनाला थोडी विश्रांती हवी.

पडदा घरातून जाणार नाही, हे वास्तव आहे. त्याच्यापुढे एकेकट्याने जागायचे की सर्वांनी मिळून बसायचे, एवढी निवड मात्र अजून प्रत्येक घराच्या हाती आहे. येत्या सुट्टीत मुलांनी ‘कोणती मालिका संपवलीस?’ असे विचारण्याऐवजी ‘आज आपण कितव्या भागापर्यंत आलो?’ असे विचारले, तर पारायणाची रीत घरात पुन्हा रुजू लागली असे खुशाल समजावे.