कॉन्सुल आहेत हो, पण मानद आहेत

"स्टुटगार्टला भारताचे कॉन्सुल आहेत ना, मग बाळाच्या पासपोर्टसाठी म्युनिकला कशाला पळायचं?" नवीन आलेल्या प्रत्येक आईबाबांच्या तोंडी हा प्रश्न असतो. त्यावर उत्तरंही ठरलेली. एक म्हणतो, "अहो, ते शोभेचं पद." दुसरा म्हणतो, "पण जर्मन माणूस आपला कॉन्सुल कसा काय?" मला दोन्ही पटत नाहीत. शिवाय या दोन उत्तरांत पालक म्हणून आपल्याला जे विचारायला हवं ते राहूनच जातं. पोस्ट लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी माहिती. भारताचा दूतावास बर्लिनला, आणि कॉन्सुलेट जनरल तीन: फ्रांकफुर्ट, हॅम्बुर्ग, म्युनिक. बाडेन-वुर्टेम्बर्ग म्युनिककडे येतं. स्टुटगार्टला आहे ते मानद कॉन्सुलचं पद. या शतकाच्या सुरुवातीपासून वर्षानुवर्षं आंद्रेआस लाप हे नाव त्या पदाशी जोडलं गेलं. हे घराणं केबलवालं. 1959 साली त्यांच्या आईवडिलांनी कंपनी सुरू केली, आज बेंगळुरूजवळही त्यांचा कारखाना आहे. स्टुटगार्ट आणि मुंबई 1968 पासून भगिनी शहरं आहेत, 2004 पासून इथे भारतीय सिनेमाचा महोत्सव होतो. असे कार्यक्रम चालतात ते कुणीतरी स्थानिक माणूस ओळखी आणि पैसा दोन्ही लावतो म्हणून. त्याला शोभेचं म्हणणं मला तरी कृतघ्नपणाचं वाटतं.

आता "जर्मन माणूस कसा?" यावर. मी सीए, कलमं वाचायची सवय जात नाही. 1963 च्या व्हिएन्ना करारात कॉन्सुलचे दोन प्रकार सांगितलेत: पगारी आणि मानद. कॉन्सुल शक्यतो आपल्या देशाचा नागरिक असावा, पण यजमान देशाची संमती असेल तर तिथलाच नागरिक नेमता येतो. जर्मनीही तेच करते. मुंबईत त्यांचं पूर्ण कॉन्सुलेट जनरल आणि गोव्यात मानद कॉन्सुल. आणि "डिप्लोमॅट आहे म्हणजे कर नाही, काही नाही" ही नुसती ऐकीव गोष्ट. मानद कॉन्सुल इथलाच नागरिक असेल तर त्याला संरक्षण फक्त पदाच्या कामापुरतं. त्याच्या धंद्याच्या नफ्यावर फिनान्सआम्ट आपल्याइतकाच बारकाईने लक्ष ठेवतो. माझं आवडतं कलम 61: मानद कॉन्सुलच्या पदाच्या कागदपत्रांना हात लावता येत नाही, पण ती खाजगी आणि धंद्याच्या कागदांपासून वेगळी ठेवली असतील तरच. करार लिहिणाऱ्यांत कुणीतरी हिशेबनीस नक्की असणार!

आणखी एक फरक. पगारी कॉन्सुलला स्वतःच्या फायद्यासाठी धंदा करता येत नाही, मानदला येतो. म्हणूनच ही माणसं बहुतेक उद्योगपती, व्यापारी, वकील असतात. आपल्या मराठी शब्दातच बघा, वाणिज्यदूत. वाणिज्य आधी, दूत नंतर. यात गैरवापराला जागा आहे हेही खरं. 1960-70 च्या दशकांत याच देशात "कोन्सुल वेयर" म्हणून एक गृहस्थ पदव्या आणि मानद कॉन्सुलपदं मिळवून द्यायच्या दलालीसाठी गाजले होते. 2022 मध्ये पत्रकारांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने जगभरातले गुन्ह्यांत किंवा वादांत अडकलेले किमान 500 आजी-माजी मानद कॉन्सुल शोधून काढले. स्टुटगार्टशी याचा काही संबंध नाही, गैरसमज नको.

उलट टोकाचं उदाहरण यान झ्वार्टेनडाइक यांचं. 1940 साली लिथुएनियातल्या काउनासमध्ये फिलिप्स कंपनीचे प्रमुख, आणि काही आठवड्यांपूर्वीच नेदरलँड्सचे मानद कॉन्सुल झालेले. कुरासाओ बेटाच्या नावाने त्यांनी थोड्याच दिवसांत दोन हजारांहून जास्त ज्यू निर्वासितांच्या कागदांवर नोंदी करून दिल्या. त्यावर जपानी कॉन्सुल सुगिहारांनी व्हिसे दिले आणि माणसं निसटली. रेडिओ विकणारा माणूस. पण त्याच्या हातात शिक्का होता आणि वर रिगात बसलेल्या राजदूताची परवानगी होती, हे विसरायचं नाही. शिक्का नसता तर तो भला माणूस हळहळत बसला असता.

म्हणून मला विचारायचंय ते हे, की पालकांना जे काम लागतं त्याचा अधिकार कोणाच्या हातात आहे? मानद कॉन्सुलने काय करायचं हे त्याला नेमणारा देश ठरवतो. आपली पोरांची कामं, म्हणजे पासपोर्ट, जन्मनोंदणी, ओसीआय, ही सगळी कॉन्सुलेट जनरलकडे. आणि ती वेळेत बांधलेली आहेत. भारतीय आईबाबांचं मूल 3 डिसेंबर 2004 पासून पुढे परदेशात जन्मलं असेल, तर वर्षाच्या आत भारतीय कॉन्सुलेटमध्ये नोंद व्हावी लागते. वर्ष उलटलं की केंद्र सरकारची परवानगी लागते. मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं लिहूनही द्यावं लागतं. सिझेरियननंतरची आई, रजा संपत आलेला बाबा, आणि सव्वादोनशे किलोमीटरवरचं म्युनिक. ज्यांना जमतं त्यांचं जमतं. जे इथे एकटे आहेत, ज्यांच्याकडे आजी-आजोबा येऊ शकले नाहीत, त्यांच्याकडून तारीख निसटते.

याहून जड विषय युगेंडआम्टचा. बर्लिनमधल्या त्या गुजराती कुटुंबाचं प्रकरण आपल्या सगळ्यांना माहीत आहे. 2021 च्या सप्टेंबरात सात महिन्यांची मुलगी ताब्यात घेतली गेली. आईवडिलांवरची फौजदारी चौकशी पुढे बंद झाली, तरी 2023 मध्ये कोर्टाने ताबा युगेंडआम्टकडेच ठेवला. भारत सरकारने जर्मन राजदूतांकडे विषय काढला, मुलीची भाषा आणि संस्कृती तुटू नये म्हणून आग्रह धरला. म्हणजे दिल्लीपासून जोर लावूनही जर्मन कोर्टाचा निकाल दूतावास फिरवू शकत नाही. कुणी सांगत असेल की "कॉन्सुलला फोन केला की मूल परत येतं", तर ऐकू नका.

मग कॉन्सुल काय करू शकतो? अल्पवयीन नागरिकांच्या हिताची काळजी हे कॉन्सुलचं काम म्हणून कलम 5 मध्ये लिहिलंच आहे. अल्पवयीन परदेशी मुलाला पालक नेमायची वेळ आली आहे असं दिसलं, तर इथल्या अधिकाऱ्यांनी त्या देशाच्या कॉन्सुलेटला विनाविलंब कळवायचं, हे कलम 37. अटक झालेल्याने सांगितलं तर कळवायचं, हे कलम 36. कुलभूषण जाधवांच्या खटल्यात 17 जुलै 2019 ला आंतरराष्ट्रीय न्यायालयाने पाकिस्तानने मोडलं म्हटलं ते हेच 36. आणि त्याआधी 2001 मध्ये याच कलमावर अमेरिकेविरुद्ध खटला जिंकला होता खुद्द जर्मनीने, आपल्या दोन नागरिकांसाठी. त्या दोघा भावांना तोवर फाशीची शिक्षा देऊनही झाली होती. तेव्हा या कलमांचं महत्त्व जर्मन अधिकाऱ्यांना आपण शिकवायची गरज नाही, फक्त आठवण करून द्यायची.

ही दोन्ही कलमं मानद कॉन्सुललाही लागू आहेत. कायद्याने तो कमी नाही. कमी पडतात ते माणसं आणि तास. कळवलेला कागद वाचायला, वकील सुचवायला, युगेंडआम्टच्या बैठकीत जर्मन बोलत बसायला पूर्णवेळ माणूस लागतो. ज्याचा दिवस कारखान्यात जातो त्याच्याकडून ही अपेक्षा ठेवणं त्याच्यावरही अन्याय आहे. राटहाउसमध्ये दार उघडून देणं, एखाद्या अडलेल्या शाळाप्रमुखाशी बोलणं, मुंबईशी विद्यार्थ्यांची देवाणघेवाण, हे तो आपल्या कुठल्याही बदलीवरच्या अधिकाऱ्यापेक्षा चांगलं करेल. तीन वर्षांनी बदलून जाणाऱ्याला श्वाबिश कळणारही नाही.

यात एक नवी गुंतागुंत. 27 जून 2024 पासून जर्मनी दुहेरी नागरिकत्व चालवून घेते, पण भारत नाही. जर्मन पासपोर्ट घेतला की भारतीय नागरिकत्व संपतं. ओसीआय कार्ड कितीही मायेने जपलं तरी ते नागरिकत्व नव्हे, आणि वरची सगळी कलमं नागरिकांसाठी आहेत. सोय बघून पासपोर्ट जरूर बदला, मी कोणाला अडवत नाही. फक्त हिशेबात ही ओळ धरा.

माझी मागणी मानद कॉन्सुलकडे नाही, परराष्ट्र मंत्रालयाकडे आहे. म्युनिकचा पगारी अधिकारी शिक्क्यासह महिन्यातून दोन ठरलेले दिवस स्टुटगार्टला बसावा, वर्षाच्या तारखा जानेवारीतच जाहीर व्हाव्यात. आणि तिन्ही कॉन्सुलेटमध्ये अल्पवयीन मुलांच्या प्रकरणांसाठी एक जर्मन जाणणारी व्यक्ती नेमलेली असावी, जिचा नंबर रविवारीही लागेल.

मंत्रालयाचं 'मदद' पोर्टल 2015 पासून चालू आहे. तिथे ज्याने त्याने आपापल्या नावाने नोंदवायचं, एकाच पत्रावर दोनशे सह्या नकोत. प्रत्येक अर्ज वेगळा मोजला जाऊ दे. मसुदा मी मराठीत आणि इंग्रजीत करून ठेवलाय, हवा असेल त्यांनी मेसेज करा. आणि ज्यांचं बाळ दहा-अकरा महिन्यांचं झालंय त्यांनी हे सगळं बाजूला ठेवून आधी म्युनिकची अपॉइंटमेंट घ्या.