भंडारदऱ्याच्या रिंगरोडवर एक सकाळ सायकलसाठी ठेवता येईल का?

अकोले तालुक्यातलं राजूर. नोव्हेंबरातला कुठलाही मंगळवार, सकाळचे सात. तुम्ही सायकलवरून भंडारदऱ्याच्या दिशेने निघालात. वाटेत दूध घालायला निघालेल्या एक-दोन मोटारसायकली, शाळेची पोरं, एखादी एसटी. भात काढून झालेली खाचरं, बांधावर डांगी गाई. पुढे धरण येतं आणि त्याच्या मागे जलाशयाच्या काठाकाठाने जाणारा रस्ता सुरू होतो. तिथे तुम्हाला स्वतःच्या सायकलच्या चेनचा आवाज ऐकू येतो.

आता तोच रस्ता जुलैतल्या रविवारी बघा. धबधब्यापाशी दोन्ही बाजूंना लावलेल्या गाड्या, मध्ये अडकलेली एसटी, उघड्या डिकीतून वाजणारी गाणी आणि कणसाच्या गाडीभोवती चिखल. सायकल सोडा, चालत जायलाही कडेला जागा सापडत नाही.

रस्ता एकच, डोंगरही तेच. फरक आहे तो वाराचा.

सोशल मीडियावर गेल्या काही वर्षांत भंडारदऱ्याच्या सायकल राइडचे रील्स भरपूर फिरतायत. 'ट्रॅफिक फ्री', 'हिडन रोड' वगैरे. ते खोटं नाही, पण ही शांतता कायमची आहे असं समजून चालण्यात गफलत आहे. त्यासाठी आधी रस्त्याचा भूगोल समजून घ्यायला हवा.

घोटी ते कोल्हार हा राज्यमार्ग या भागाचा कणा. मुंबई-नाशिक महामार्गावर घोटीला वळायचं, की कळसूबाईच्या पायथ्याचं बारी गाव लागतं, मग पुढे राजूर, अकोले, संगमनेर. या रस्त्यावर मालाच्या गाड्या, ऊस, भाजीपाला, सगळं चालतं. हा शांत रस्ता नाही आणि कधी होणारही नाही. शांत आहेत ते याच्यातून फुटणारे फाटे. राजूरहून हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याच्या पाचनईकडे जाणारा रस्ता त्यातला एक. तो मुळेच्या खोऱ्यात उतरतो आणि पायांची परीक्षा घेतो. दुसरा म्हणजे जलाशयाचा रिंगरोड. धरणाजवळच्या शेंडीपासून मुरशेत, पांजरे, उडदावणे करत घाटघर, तिथून साम्रद, रतनवाडी आणि मुतखेलवरून परत शेंडी. चाळीस ते पन्नास किलोमीटरची ही फेरी.

या फेरीत काय काय आहे? उत्तरेला कळसूबाई, १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर. घाटघरला कोकणकडा. साम्रदला सांदण दरी. रतनवाडीला अमृतेश्वराचं जुनं मंदिर आणि मागे रतनगड. परिसराचा मोठा भाग १९८६ साली जाहीर झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. घाटघरच्या पावसाला लोक नगर जिल्ह्याचं चेरापुंजी म्हणतात. म्हणजे सगळं एका दिवसात, एका वर्तुळात. सायकलवाल्याला यापेक्षा जास्त काय हवं?

पण नेमकं हेच गाडीवाल्यालाही हवं असतं.

मुंबईहून इथे यायचं म्हणजे आधी कसारा घाट आणि त्यातली कोंडी. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि घाटाला पर्याय मिळाला. इगतपुरीला उतरून घोटी आणि तिथून पस्तीसेक किलोमीटरवर भंडारदरा. पूर्वी जो माणूस 'एका दिवसात नको, मुक्कामाला जाऊ' म्हणायचा, तो आता सकाळी निघून रात्री घरी परत येऊ शकतो. गाड्या तर वाढणारच. पण मुक्काम न करणारा पर्यटक गावात पैसे कमी आणि कचरा जास्त सोडतो, ही त्यातली खरी गोम आहे. (समृद्धीवर दुचाकीलाही बंदी आहे, त्यामुळे सायकलवाल्याला या वेगाचा काही उपयोग नाही. त्याने आपली सायकल रेल्वेने इगतपुरी किंवा घोटीपर्यंत आणलेलीच बरी.)

गर्दीचे हंगाम दोन. एक पावसाळा. दुसरा मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, काजव्यांचा. काजव्याचा प्रकाश ही शोभेची रोषणाई नाही, ते जोडीदार शोधण्याचे इशारे असतात. नर उडता उडता लुकलुकतो, मादी उत्तर देते. तिथे शंभर गाड्यांचे हेडलाइट आणि मोबाइलचे टॉर्च आले की हा संवादच तुटतो. जे बघायला गर्दी येते तेच गर्दीमुळे कमी होतं.

मग सायकलवाल्यांच्या ग्रुपवर एक मागणी सहज येते. 'रिंगरोड गाड्यांना बंदच करा ना!'

इथे जरा थांबायला हवं. रिंगरोड हा पर्यटकांचा ट्रॅक नाही. मुतखेल, रतनवाडी, साम्रद, घाटघर या गावांना बाहेर पडायचा तो रस्ता आहे. भंडारदरा धरण पूर्ण झालं १९२६ साली. गेल्या शंभर वर्षांत इथलं पाणी प्रवरेच्या कालव्यांतून खाली लाभक्षेत्रातल्या उसाला गेलं आणि तिथे साखर कारखाने उभे राहिले. काठावरच्या महादेव कोळी आणि ठाकर वस्त्यांच्या वाट्याला मात्र पाण्याला वळसा घालणारी लांबची वाट आली. बाळंतपणाला, दवाखान्याला, दाखल्यासाठी राजूरच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात जायचं तर हाच रस्ता. पाणी खाली जातं, शनिवार-रविवारी गाड्या वर येतात आणि मधल्या लोकांना आम्ही शहरातून येऊन सांगायचं की शांतता हवी, गाड्या बंद करा? हे कुणीच ऐकून घेणार नाही, आणि घेऊही नये.

वाहनबंदीची किंमत कोण मोजतं याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. माथेरानमध्ये मोटारी चालत नाहीत, म्हणून ते शांत राहिलं. पण सामान आणि माणसं वाहायची कुणी? घोड्यांनी आणि हातरिक्षा ओढणाऱ्या माणसांनी. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की ही हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा, तिच्या जागी ई-रिक्षा आणा. गाडी गेली की ओझं जात नाही, ते कुणाच्या तरी खांद्यावर सरकतं.

त्यामुळे कायमची, सरसकट बंदी हा मुद्दाच नाही. मुद्दा आहे ठरावीक सकाळींचा आणि फक्त बाहेरच्या खासगी गाड्यांचा.

इटलीतल्या डोलोमाइट डोंगरात सेला नावाच्या पर्वतसमूहाभोवती चार घाटांची एक फेरी आहे. लांबी साधारण आपल्या रिंगरोडएवढीच. हा रस्ताही पर्यटकांच्या गाड्यांनी आणि मोटारसायकलींनी गजबजलेला असतो. तिथे वर्षातून दोन दिवस, जूनमध्ये एक आणि सप्टेंबरमध्ये एक, सकाळी साडेआठपासून दुपारपर्यंत घाट मोटारींना बंद ठेवतात आणि हजारो सायकली फिरतात. दुपारनंतर सगळं पूर्ववत. कोलंबियाची राजधानी बोगोटामध्ये तर १९७४ पासून ही पद्धत आहे. तिथे रविवारी आणि सुटीच्या दिवशी शंभराहून जास्त किलोमीटरचे रस्ते काही तास सायकलींना आणि चालणाऱ्यांना मिळतात. मार्च २०२२ मध्ये मुंबई पोलिसांनी 'संडे स्ट्रीट्स' सुरू करून रविवारी सकाळी काही रस्ते असेच मोकळे केले होते. म्हणजे हे आपल्याकडे जमत नाही असं नाही.

कायद्यात बसतं का? बसतं. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ११५ बघा. सार्वजनिक सुरक्षितता, सोय किंवा रस्त्याचं स्वरूप लक्षात घेऊन राज्य सरकार किंवा सरकारने अधिकार दिलेला अधिकारी एखाद्या रस्त्यावर वाहनांना मनाई करू शकतो, निर्बंध घालू शकतो. निर्बंध एक महिन्यापेक्षा जास्त काळाचा नसेल तर राजपत्रात अधिसूचनाही लागत नाही, स्थानिक पातळीवर नीट प्रसिद्धी दिली की पुरे. त्यात अभयारण्य असल्यामुळे वन विभाग आत येणाऱ्या पर्यटकांच्या गाड्यांकडून प्रवेश शुल्क घेतोच. म्हणजे बाहेरची गाडी कुठली आणि गावातली कुठली हे बघणारी माणसं आजही तिथे आहेत.

व्यवहारात ते असं होऊ शकतं. ऑक्टोबर ते फेब्रुवारी, महिन्यातला एक रविवार, सकाळी सहा ते दहा. एसटी, रुग्णवाहिका, दुधाची गाडी, गावकऱ्यांची वाहनं आणि प्रवासी जीप नेहमीप्रमाणे चालतील. आदल्या रात्री काठावर तंबूत मुक्कामाला असलेल्यांना दहानंतर निघायचं आहे हे आधीच सांगितलेलं असेल. बाकी पर्यटकांच्या गाड्या शेंडीला थांबतील. आणि हे ठरवायचं ते काठावरच्या ग्रामसभांनी. जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश त्यानंतर. उलट क्रमाने केलं तर पहिल्याच रविवारी वाद होईल.

गावाला यातून काय मिळणार, हा प्रश्न रास्त आहे. खरं सांगायचं तर सुरुवातीला फार नाही. पावसाळ्यातल्या एका रविवारी कणसं, भजी आणि तंबूंवर जी उलाढाल होते ती पन्नास सायकलवाले भरून काढू शकत नाहीत. फरक एवढाच की सायकलवाला पावसाळ्याबाहेर येतो, म्हणजे धंदा नसतो त्या महिन्यांत. त्याला आदल्या रात्री मुक्काम लागतोच, कारण पहाटे निघायचं असतं. आणि तो खातो, फार खातो. पिठलं-भाकरी, नाचणी, राजूरचे पेढे, काहीच सोडत नाही. इथे जवळच पुरुषवाडीला घरगुती मुक्कामाचं पर्यटन वर्षानुवर्षं चाललंय, त्यामुळे शहरातला पाहुणा घरात ठेवून पैसे मिळवणं तालुक्याला नवं नाही.

सुरक्षिततेचा मुद्दाही आहे. देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यात साडेचार हजारांहून जास्त सायकलस्वार होते. हे रील बनवणारे हौशी लोक नव्हेत, बहुतेक कामावर आणि शाळेत जाणारे. रिंगरोडवरच्या आंधळ्या वळणांवर शनिवारी सकाळी शाळेला निघालेलं पोर आणि शहरातून वेगाने आलेली एसयूव्ही समोरासमोर येतात, तेव्हा धोका त्या पोराला आहे. म्हणून माझ्या मते बंद रविवारच्याही आधी करण्यासारखी गोष्ट दुसरी आहे. गर्दीच्या दिवशी संपूर्ण रिंगरोड एकेरी करायचा आणि वेग ताशी तीस किलोमीटरवर बांधायचा. त्याने कुणाचा धंदा बुडत नाही, गाड्या अडकत नाहीत आणि कडेने चालणाऱ्याला व सायकलला जागा मिळते. यात वेग मोजायला माणूस आणि यंत्र लागेल, आणि पाट्या लावून भागणार नाही, हे मान्य.

तोवर ज्यांना जायचंच आहे त्यांनी रविवार सोडावा. नोव्हेंबर ते जानेवारी, आठवड्याच्या मधला दिवस धरावा. शेंडीहून उजाडताच मुरशेतच्या बाजूने निघा. सूर्य पाठीशी राहतो आणि आपण डावीकडून चालतो, त्यामुळे पाणीही डाव्या हाताला, जवळ राहतं. घाटघरच्या कड्यावर वारा जोराचा असतो, तिथे सायकल आडवी ठेवा. दोन ट्यूब, पंप आणि पंक्चरचं सामान शेंडीच्या आधीच घ्या. पुढच्या गावात हवा भरायला कुणी भेटेल या भरवशावर निघू नका.