५६ नंबरची काउबेल

एका स्टुडिओत बसवलेला तबला दुसऱ्या स्टुडिओत उघडावा आणि ‘धा’च्या जागी काउबेल वाजावी, हे कॉम्प्युटरवर संगीत करणाऱ्यांना नवं नाही. फाइल बिघडलेली नसते. मिडी फाइलमध्ये आवाज मुळात नसतोच, असतात फक्त आकडे. ५६ म्हणजे काय, ते उघडणाऱ्याचं यंत्र ठरवतं, आणि यंत्राचं हे मत १९९१ सालचं आहे.

जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या नॅम प्रदर्शनात प्रॉफेट-६०० आणि ज्युपिटर-६ हे दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे सिंथेसायझर एका वायरीने जोडले गेले आणि एकमेकांशी बोलले. डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी यांनी पुढाकार घेतलेल्या मिडी या सामाईक भाषेने ० ते १२७ असे सुरांचे आकडे ठरवून दिले. पण ड्रमचं काय? झांजेला कुठली पट्टी? मग ज्या कंपनीला जिथे सोयीचं वाटलं तिथे तिने स्नेअर ठेवला. आठ वर्षं असाच कारभार चालला. १९९१च्या जनरल मिडीने तो मिटवला: दहावं चॅनल तालवाद्यांचं, आणि ३५ ते ८१ या आकड्यांवर ४७ आवाज. ३६ वर बेस ड्रम, ३८ वर स्नेअर, ४२ वर बंद हाय-हॅट, ४६ वर उघडी.

ही यादी एकदा सावकाश वाचावी. बाँगो, काँगा, टिंबाले आहेत. आगोगो आणि कुईका आहेत. शिट्ट्यासुद्धा दोन, एक आखूड, एक लांब! तबला नाही, ढोलकी नाही, मृदंगमही नाही. त्याच जनरल मिडीच्या सुरेल वाद्यांत मात्र सतार १०५ व्या जागी आणि शहनाई ११२ व्या जागी आहे. म्हणजे सनई मांडवात आली, चौघडा वेशीबाहेर राहिला. १९९९च्या दुसऱ्या आवृत्तीत ब्राझीलच्या सुर्दोला जागा मिळाली, आपल्याला तेव्हाही नाही. यात कुणाचा डाव होता असं मी म्हणणार नाही. १९८० च्या रोलँड टीआर-८०८ मध्येच काँगा, क्लेव्हज, मराका आणि काउबेल होत्या. जे आधीपासून यंत्रांत होतं आणि खपत होतं, तेच नकाशात उतरलं.

नकाशा बदलता येतो, हे खरं. क्यूबेससारख्या सॉफ्टवेअरच्या ड्रम मॅपमध्ये प्रत्येक वाद्यापुढे आत येणारा आकडा वेगळा आणि बाहेर जाणारा वेगळा लिहिता येतो. १९८५चा पहिला ऑक्टोपॅड तर स्वतः मुकाच होता. आठ पॅड फक्त आकडे पाठवायचे, वाजायचं दुसरंच यंत्र. कुठल्या पॅडवर ढोलकी आणि कुठल्यावर ताशा, ही वाटणी आपले ऑर्केस्ट्रातले वादक अजूनही रोज करतात. पण ती ज्याची त्याच्यापाशी राहते. (त्यातून मधला सी एका कंपनीच्या लेखी सी-३, दुसरीच्या लेखी सी-४, त्यामुळे आकडा सोडून सुराच्या नावावर विसंबणाऱ्याचा घात ठरलेला.)

खरी अडचण मात्र आकड्यांच्या कमतरतेची नाही. ‘धा’ हा एक बोल आहे, पण वाजतात दोन आघात: तबल्यावर ‘ना’, डग्ग्यावर ‘गे’. मग त्याला आकडा एक द्यायचा की दोन? कंपन्यांना एक सोपा जातो, पण मग दोन हातांचं नातं कायमचं गोठतं. शिवाय एकच बोल घराण्यागणिक वेगळ्या बोटांनी, वेगळ्या जागी निघतो. म्हणून मांडणी आघातांची हवी, बोलांची नव्हे, असं माझं मत आहे. आणि डग्ग्याची मींड? जुन्या मिडीत सूर वाकवण्याची आज्ञा अख्ख्या चॅनलला लागू होते. मनगट डग्ग्यावर दाबलं की शेजारचा तबलाही चढतो. २०२० साली जाहीर झालेल्या मिडी २.० मध्ये प्रत्येक सूर स्वतंत्रपणे वाकवता येतो, पण आज बहुतेकांच्या हाताखाली १९८३चाच मिडी आहे.

तेव्हा तबलजी, ढोलकीवाले आणि रेकॉर्डिस्ट यांनी एकदा एकत्र बसून आपली आकड्यांची यादी लिहून काढावी आणि सर्वांसाठी खुली ठेवावी. जपानी-अमेरिकी कंपन्यांच्या परवानगीची त्यासाठी गरज नाही. पहिलं कलम एवढंच असू द्या: डग्ग्याला स्वतंत्र चॅनल.