छात्रसेना : हुकूम आणि विचारपूस

माझा एक वर्गमित्र मला नेहमी डिवचतो, "रविवारी पहाटे उठून 'दाहिने मुड' केल्याने कोणी नेता होत नाही. तिथे फक्त 'जी, सर' म्हणायला शिकवतात. लोकशाहीला प्रश्न विचारणारा नागरिक हवा." हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. छात्रसेनेत तीन वर्षे काढल्यामुळे त्याचे उत्तर देणे मला माझे कर्तव्य वाटते.

पंडित हृदयनाथ कुंझरू समितीच्या शिफारशीनंतर १९४८ साली कायदा होऊन राष्ट्रीय छात्रसेना स्थापन झाली. पुढच्याच वर्षी मुलींचा विभाग निघाला. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर, १९६३ मध्ये, महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर तिची सक्ती झाली. १९६८ मध्ये ती उठली. उठली हे बरेच झाले, असे माझे मत आहे. हजेरीपुरता उभा राहिलेला विद्यार्थी रांग लांबवतो, शिस्त वाढवत नाही. 'पुन्हा सक्ती करा' असे अधूनमधून कानावर येते. ते मला मुळीच पटत नाही.

दुसऱ्या वर्षी माझ्याकडे एका सेक्शनची, म्हणजे दहा छात्रांची जबाबदारी आली. दंडावर पट्टी आली आणि आवाजही चढला. ढालगावकडचा एक छात्र दर रविवारी उशिरा येई. तिसऱ्या खेपेला मी त्याला सर्वांसमोर खडसावले व मैदानाला पाच फेऱ्या मारायला लावल्या. तो निमूटपणे पळाला. नाष्ट्याच्या वेळी दुसऱ्याच मुलाकडून कळले, की वडिलांचा पाय प्लॅस्टरमध्ये आहे. दोन म्हशींच्या धारा काढून, डेअरीला दूध घालून हा निघतो, तोवर पहिली एस.टी. गेलेली असते. मी याच तालुक्यातला! पावसाने दगा दिला की घर दुधावर चालते, हे मला कोणी वेगळे शिकवायला हवे होते काय? तरीही "उशीर का होतो?" एवढे दोन शब्द विचारायचे मला सुचले नाही.

मी त्याची माफी मागितली, तीही सर्वांसमोर. मग सेक्शननेच मार्ग काढला. नागजच्या एका छात्राकडे मोटारसायकल होती. तो उलटा ढालगावला जाऊन त्याला घेऊन येऊ लागला. त्यात माझे कर्तृत्व काहीच नव्हते. पण दहाजणांना एकमेकांची घरे ठाऊक झाली, ती याच मैदानावर. पदवीच्या वर्गात आम्ही दोन वर्षे शेजारी बसलो असतो, तरी ती झाली नसती.

मित्राच्या आक्षेपाला आणखी एक उत्तर आहे. एप्रिल २०२० मध्ये, करोनाच्या टाळेबंदीत, छात्रसेनेने 'एक्सरसाइज एन.सी.सी. योगदान' ही मोहीम काढली. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या वरिष्ठ छात्रांनी स्वेच्छेने यायचे होते. कामे होती मदतकेंद्राचे दूरध्वनी घेणे, अन्न व औषधे पोहोचवणे, रांगा लावणे. कायदा-सुव्यवस्था राखण्याच्या कामावर त्यांना पाठवायचे नाही, हेही स्पष्ट केले होते. गणवेश अंगावर असूनही त्यांनी नागरिकच राहावे, अशी ती अपेक्षा होती. हा भेद मला फार मोलाचा वाटतो.

मात्र सारेच आलबेल आहे, असे मी म्हणणार नाही. आमच्यापैकी अनेकजण 'सी' प्रमाणपत्रासाठी येतात. सैन्यात अधिकारी होण्याच्या वाटेवर त्याचा उपयोग होतो, शेतकऱ्याच्या मुलाने तो का करू नये? माझी तक्रार वेगळीच आहे. कवायतीला जेवढा वेळ मिळतो, त्याच्या चौथाईही बोलण्याला मिळत नाही. हुकूम पाळावाच, रायफल हाती असताना वाद घालून चालत नाही. पण परेड संपल्यावर, नाष्ट्याच्या आधी, पंधरा मिनिटे सर्वांनी गोल करून बसावे, आणि सगळ्यात कनिष्ठ छात्राने आधी बोलावे. आजचा हुकूम का दिला, हे त्याने विचारावे व सेक्शन कमांडरने सांगावे. आमच्या सरांपुढे ही सूचना मी मांडली आहे. डिवचणाऱ्या मित्रालाही त्या दिवशी येण्याचे निमंत्रण आहे; गणवेश नसला तरी चालेल.