पडद्यावरच्या क्रिकेटला गोलंदाज हवा

ऑनलाइन गेमिंगचे नियमन करणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५मध्ये संमत केला आणि पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांचा बाजार एका आठवड्यात उठला. मुंबईच्या ड्रीम ११ला पैशांच्या स्पर्धा बंद कराव्या लागल्या. भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवरचे तिचे नावही गेले. त्यानंतर चर्चा झाली ती बुडालेल्या महसुलाची आणि गेलेल्या नोकऱ्यांची. या कायद्याने ई-स्पोर्ट्स आणि पैज न लावता खेळल्या जाणाऱ्या डिजिटल खेळांना प्रोत्साहन देण्याचेही म्हटले आहे, त्याकडे मात्र फारसे कोणी वळले नाही. वास्तविक खरा प्रश्न तिथेच आहे. पैज काढून घेतल्यावर मोबाइलवरच्या क्रिकेटमध्ये क्रिकेट किती उरते?

हा प्रश्न केवळ महानगरी तरुणांचा नाही. एप्रिल २०१३मध्ये उपनगरी सेवा विरारच्या पुढे डहाणू रोडपर्यंत गेली आणि सफाळे, केळवे रोड, पालघर ही स्थानके लोकलच्या नकाशावर आली. सफाळ्याहून पहाटे निघणाऱ्या नोकरदाराला बोरिवली-अंधेरी गाठेपर्यंत पुष्कळ वेळ हाती असतो. मध्यम किमतीचा फोन, रेंज गेली तरी चालू राहणारा खेळ आणि पाच षटकांचा सामना हे गणित अशाच प्रवाशासाठी मांडलेले असते. ‘रिअल क्रिकेट’ ही मालिका याच गणितावर उभी राहिली. अनुज मानकर यांनी २०१३मध्ये स्थापन केलेली नॉटिलस मोबाइल ही तिची निर्माती. तिच्यात २०२२मध्ये दक्षिण कोरियाच्या क्राफ्टन कंपनीने ५४ लाख डॉलर गुंतवले. २०२५मध्ये सुमारे ११८ कोटी रुपये मोजून नियंत्रक हिस्साही घेतला. सट्ट्याचा बाजार उठण्याच्या काही महिने आधीच निखळ खेळाला हा भाव मिळाला होता, ही बाब लक्षात घेण्यासारखी आहे.

या खेळांत सुधारणा झाल्या नाहीत असे नाही. ईए कंपनीच्या २००६मध्ये आलेल्या ‘क्रिकेट ०७’मध्ये भारतीय खेळाडूंची खरी नावेसुद्धा नव्हती, चाहत्यांनी ती स्वतःच्या खटपटीने बसवून घेतली आणि सायबर कॅफेतून तो खेळ वर्षानुवर्षे चालला. त्यामानाने आजच्या मोबाइल खेळातील फलंदाजाच्या हालचाली खऱ्या खेळाडूंच्या अंगविक्षेपांवरून टिपलेल्या असतात, फटके शेकड्यांनी मोजावे लागतात, संजय मांजरेकरांसारख्यांचे समालोचन कानी पडते. (बाळ ज. पंडितांनी आकाशवाणीवर रुजवलेल्या मराठी समालोचनाची आठवण या उद्योगाने ठेवली तर पालघरच्या प्रवाशाला ते आवडेल, पण तो वेगळा विषय.) तरीही यातील बहुतेक सुधारणा बॅटच्या बाजूच्या आहेत. गोलंदाजी म्हणजे टप्प्याची जागा निवडणे, सरकत्या पट्टीवर योग्य क्षणी बोट ठेवणे आणि संपले.

येथे बेसबॉलचे उदाहरण बोलके ठरते. अमेरिकेतील ‘एमएलबी द शो’ ही सोनीच्या सॅन दिएगो स्टुडिओची मालिका २००६पासून दरवर्षी नव्याने येते. तिच्या २०२१च्या आवृत्तीत ‘पिनपॉइंट पिचिंग’ आले. प्रत्येक प्रकारच्या चेंडूसाठी एक आकृती ठरलेली असते. ती कळीने अचूक गिरवली आणि वेळ साधली तरच चेंडू हव्या त्या जागी जातो. घाई झाली, हात चुकला, की चेंडू भरकटतो. म्हणजे गोलंदाजाचे कसब खेळणाऱ्याच्या बोटांत उतरवण्याचा हा प्रयत्न होता. २०२५च्या आवृत्तीत फलंदाजाला त्यावर उतारा मिळाला: चेंडू आतल्या बाजूला येईल की बाहेरच्या, याचा अंदाज बांधून आधीच तयार राहण्याची मुभा. अंदाज बरोबर आला तर लाभ, चुकला तर तोटा. अशी बुद्धीची झुंज हाच बेसबॉलचा गाभा आहे.

अर्थात, तुलना करताना क्रिकेटवर अन्याय होता कामा नये. बेसबॉलमध्ये चेंडू टप्पा घेत नाही आणि वैध फटक्याला मैदानाचा एक चतुर्थांश कोनच मोकळा असतो. क्रिकेटमध्ये चेंडू जमिनीवर आपटतो, ती जमीन षटकागणिक बदलते, शिवण झिजते, लकाकी जाते आणि फटका चहूबाजूंना मारता येतो. संगणकाला हे शिकवणे अवघडच. पण अडचण केवळ तांत्रिक नाही. फुकट मिळणारा खेळ जाहिरातींवर आणि आतल्या खरेदीवर जगतो. त्याला सामने छोटे हवेत आणि खेळणाऱ्याला आनंद लगेच मिळायला हवा. षटकार तो आनंद देतो. सहा षटके एकाच टप्प्यावर टाकून फलंदाजाला चूक करायला लावणारा गोलंदाज देत नाही. त्यातच पैसे मोजून सरस खेळाडू मिळू लागला, तर पैज दारातून गेली आणि खिडकीतून आली असेच म्हणावे लागेल.

मालिकेच्या रचनेतही असाच फरक दिसतो. ‘एमएलबी द शो’मधील कारकीर्द दुय्यम संघापासून सुरू होते; २०२५पासून तर शाळा-महाविद्यालयापासून. आपल्याकडे मोबाइलवरचा खेळाडू थेट झगमगत्या स्टेडियमवर उतरतो. पालघरजवळच्या माहीमचा शार्दूल ठाकूर क्रिकेटची बॅग सांभाळत लोकलने मुंबईला जाई. जानेवारी २०२१मध्ये ब्रिस्बेनला त्याने सात बळी घेतले आणि पहिल्या डावात ६७ धावा काढल्या. त्या बॅगेपासून ब्रिस्बेनपर्यंतचा रस्ता हा खेळाच्या रचनाकाराला आयता मिळालेला आराखडा आहे. त्यात १९४८पासून पावसाळ्यात खेळली जाणारी कांगा लीग घाला. ओलसर खेळपट्टी, उंच गवत, थांबणारा चेंडू. शंभर नव्या फटक्यांपेक्षा असा एक ओला दिवस खेळात अधिक भर घालील.

बेसबॉलवाल्यांनी आणखी एक धाडस केले. २०२३च्या आवृत्तीत त्यांनी कृष्णवर्णीयांच्या ‘नीग्रो लीग’चे खेळाडू त्यांच्या कहाण्यांसह आणले आणि खेळता खेळता भेदाचा इतिहास समोर ठेवला. २०२४मध्ये महिला खेळाडूची कारकीर्द आली. एकेकाळी मोठ्या लीगने ज्यांना दार बंद केले होते, त्यांना तिच्याच अधिकृत खेळात मानाची जागा मिळाली.

महाराष्ट्राला यासाठी लांब जाण्याची गरज नाही. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरहून अधिक बळी घेणारे डावखुरे फिरकी गोलंदाज पालवणकर बाळू हे दलित होते. मुंबईच्या स्पर्धांत हिंदू संघाला त्यांची गोलंदाजी चालली, नेतृत्व मात्र त्यांना नाकारले गेले. ते त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना १९२३मध्ये मिळाले. सचिन तेंडुलकरच्या नावाचा खेळ पुण्याच्या जेटसिंथेसिसने २०१७मध्येच आणला. बाळूंचा कोणी आणलेला नाही. दुबईतील ‘बेसबॉल युनायटेड’ लीगमध्ये ‘मुंबई कोब्राज’ नावाचा संघ आहे, हे येथील अनेकांना ठाऊकही नसेल. उद्या बेसबॉलचा खेळ मुंबईची जर्सी घालून मोबाइलवर आला तर नवल नाही. क्रिकेटवाल्यांपुढे आज आयपीएलच्या एकेका संघाशी आणि खेळाडूंच्या संघटनांशी परवान्याचे करार करण्याचे खर्चिक काम आहे. बाळूंचा चेंडू वळवण्यासाठी तेवढा खर्च येणार नाही. त्यासाठी गोलंदाजाच्या बोटांचा विचार करणारा रचनाकार मात्र लागेल.