'टेक' आणि त्याचे सोबती

लखनौच्या गोमती नगरातून एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. मूळच्या त्या विदर्भातील. पतीच्या नोकरीनिमित्त त्यांचे कुटुंब उत्तर प्रदेशात स्थायिक झाले आणि मुले मोठी झाल्यावर त्यांनी एका कार्यालयात लेखनिकाचे काम धरले. कामाच्या पहिल्याच आठवड्यात वरिष्ठांनी एक कागद त्यांच्या हाती देऊन सांगितले, 'टेक धिस अप विथ अकाउंट्स.' 'टेक' म्हणजे नेणे आणि 'अप' म्हणजे वर, हे त्यांना शाळेपासून ठाऊक होते. कागद घेऊन त्या वरच्या मजल्यावर गेल्या. हिशेब विभाग मात्र त्यांच्याच मजल्यावर होता. ह्या विषयी त्या विभागाशी बोलणे करा, एवढेच वरिष्ठांना म्हणावयाचे होते. सहकारी हसले.

भगिनी लिहितात, "दोन्ही शब्दांचे अर्थ मला येत होते. मग वाक्याचा अर्थ का आला नाही? मुलगी म्हणते, असे शेकडो प्रयोग असलेले पुस्तक बाजारात मिळते, ते पाठ कर. ह्या वयात ते पाठ होईल काय, की नोकरीच सोडावी?"

नोकरी सोडू नये आणि यादीही पाठ करू नये, असे आमचे उत्तर आहे. त्याची कारणे सर्वच वाचकांच्या उपयोगी पडतील, म्हणून ह्या खेपेचे पान त्यांच्या प्रश्नाला दिले आहे.

ज्या अडचणीत ह्या भगिनी सापडल्या, ती फार जुनी आहे. डॉ. सॅम्युएल जॉन्सन ह्यांनी १७५५ साली आपला प्रसिद्ध इंग्रजी कोश सिद्ध केला. त्याच्या प्रस्तावनेतच त्यांनी नमूद करून ठेवले आहे की, क्रियापदापुढे एखादा लहानसा शब्द जोडून अर्थ पालटण्याची ही रीत परक्यांना सर्वांत अवघड जाते. अशा जोड्यांना 'फ्रेजल व्हर्ब' हे नाव रूढ झाले ते पुष्कळ नंतर, लोगन पिअरसॉल स्मिथ ह्यांच्या १९२५ सालच्या पुस्तकामुळे. आपण येथे त्यांना 'जोडक्रियापदे' म्हणू. तेव्हा कार्यालयातील त्या फजितीत भगिनींच्या बुद्धीचा दोष नाही. सुट्या शब्दांची बेरीज केली की वाक्याचा अर्थ हाती येतो, ही समजूतच येथे अपुरी पडते.

पाट्यांवरचे व्याकरण

ह्या प्रश्नाचे उत्तर भगिनींच्या दारापाशीच आहे. गोमती नगर ही लखनौ विकास प्राधिकरणाने वसविलेली वसाहत. तिच्या बहुतेक खंडांची नावे 'वि' ह्या अक्षराने सुरू होतात : विराम खंड, विनय खंड, विजय खंड, विकल्प खंड, विश्वास खंड, विवेक खंड. जाता-येता ह्या पाट्या वाचणाऱ्याला आपण व्याकरणाचा एक धडा वाचीत आहोत, ह्याची कल्पनाही नसते.

'रम्' म्हणजे रमणे. त्याच्या आधी 'वि' आला की झाला 'विराम', म्हणजे थांबणे. 'आ' आला की 'आराम'. 'जि' म्हणजे जिंकणे. 'वि' लावला की 'विजय', आणि 'परा' लावला की नेमका उलट, 'पराजय'. 'श्वास' सर्वांनाच असतो, 'विश्वास' सर्वांवर ठेवता येत नाही.

आता 'विनय' पाहा. ह्यातील धातू आहे 'नी', म्हणजे नेणे. आपले मराठी 'नेणे' त्यापासूनच आले. ह्या एका धातूपासून विनय, प्रणय, परिणय, अभिनय, अनुनय, निर्णय आणि उपनयन एवढे शब्द निघाले. मुलाची मुंज करताना 'उप म्हणजे जवळ, नयन म्हणजे नेणे' अशी फोड करीत कोणी बसत नाही. उपनयन हा एक पूर्ण शब्द म्हणून आपण शिकलो. तथापि कोणी फोड करून दाखविली, तर गुरूजवळ नेण्याचा तो संस्कार, हे चटकन पटते.

इंग्रजीतील 'टेक' हा आपल्या 'नी' धातूचा जणू मावसभाऊच समजावा. नेणे आणि घेणे हे दोन्ही अर्थ त्याच्या पोटात आहेत. संस्कृत उपसर्ग धातूच्या आधी येऊन त्याला चिकटतो. इंग्रजीतील सोबती शब्द क्रियापदाच्या मागून येतो आणि सुटा राहतो. काम मात्र दोघांचे एकच, अर्थाला नवी दिशा देण्याचे. म्हणून 'टेक अप' हे 'टेक' अधिक 'अप' नव्हे. 'विनय' जसा एक शब्द, तसाच तोही एक शब्द होय.

गंमत अशी की, हा 'टेक' इंग्रजीतही उपराच. जुन्या इंग्रजीत घेणे ह्या अर्थी 'निमन' असे क्रियापद होते. सुमारे हजार वर्षांपूर्वी स्कँडिनेव्हियातून येऊन इंग्लंडात वसलेल्या लोकांच्या भाषेतून 'टाका' हा शब्द तेथे शिरला आणि हळूहळू त्याने मूळच्या शब्दाला हुसकावून लावले. जर्मन भाषेत 'नेमेन' अजून नांदत आहे. इंग्रजीत मात्र 'निमन'ची आठवण उरली ती 'नम' म्हणजे बधिर अशांसारख्या शब्दांत. थंडीने बोटे ग्रासून घेतली, की ती 'नम' झाली.

सोबत्यांची ओळख

आता 'टेक'चे मुख्य सोबती पाहू. प्रत्येकाजवळ आपली अशी एक दिशा आहे. ती दिशा ओळखली आणि मराठीत तिचा जोडीदार शोधला, की निम्मे काम होते.

डाउन, म्हणजे खाली. 'टेक डाउन द पिक्चर', चित्र खाली उतरवा. आणि 'टेक डाउन द नंबर'? क्रमांक उतरवून घ्या. बोललेले कागदावर 'उतरवून' घेण्याची कल्पना मराठीत आहे, तशीच इंग्रजीतही आहे.

बॅक, म्हणजे मागे. दुकानदार सदोष वस्तू परत घेतो, ते 'टेक बॅक'. रागाच्या भरात बोललेले शब्द आपण 'मागे घेतो', तेही 'टेक बॅक'.

ऑन, म्हणजे अंगावर. 'शी टुक ऑन द होल वर्क', तिने सगळे काम अंगावर घेतले. बलाढ्य प्रतिस्पर्ध्याला अंगावर घेणे ह्यालाही 'टेक ऑन'च म्हणतात. एखाद्याला कामावर ठेवून घेणे हा आणखी एक अर्थ.

आउट, म्हणजे बाहेर. पेटीतून कपडे बाहेर काढणे हा सरळ अर्थ. 'टेक आउट अ लोन' म्हणजे कर्ज काढणे. येथे मराठीनेही 'काढणे' हेच क्रियापद योजिले आहे.

आफ्टर, म्हणजे मागून. 'शी टेक्स आफ्टर हर मदर', मुलगी आईवर गेली आहे. परभाषिकाला हे मराठी वाक्य सांगून पाहा. 'आईवर कोठे गेली?' असे तो विचारील. हसण्याची पाळी प्रत्येक भाषेत प्रत्येकावर येते, ती अशी.

टू, म्हणजे कडे. 'द चाइल्ड टुक टू हिज न्यू टीचर', मुलाला नव्या शिक्षकांचा लळा लागला. सवय लागणे, नादी लागणे हाही अर्थ ह्यातच येतो.

ओव्हर म्हणजे ताबा घेणे. एक अधिकारी जातो आणि दुसरा सूत्रे हाती घेतो, ते 'टेक ओव्हर'.

अप, म्हणजे वर किंवा हाती. विजार लांब असेल तर शिंपी ती खालून दुमडून आखूड करतो, ते 'टेक अप'. निवृत्तीनंतर कोणी बागकाम हाती घेतो, तेही 'टेक अप'. मोठे कपाट खोलीतील जागा व्यापते, त्यालाही 'टेक अप' म्हणतात. आणि एखादा विषय उचलून कोणाकडे मांडणे म्हणजे 'टेक अप विथ'. 'विषय उचलणे', 'प्रश्न हाती घेणे' हे आपण बोलतोच. वरिष्ठांच्या त्या वाक्यात कागद वर न्यावयाचा नव्हता. विषय उचलावयाचा होता.

जपून राहण्याच्या जागा

येथवर मराठीने साथ दिली. पण दोन सोबती असे आहेत की, त्यांच्यापाशी थांबून विचार करावा.

पहिला 'ऑफ'. त्याची दिशा सुटण्याची, विलग होण्याची. 'टेक ऑफ युवर शूज', जोडे काढा. विमान धावपट्टी सोडून उडते, ते 'टेक ऑफ'. कामापासून एक दिवस सुटका घेणे म्हणजे 'टेक अ डे ऑफ'. धंद्याने एकाएकी जोर धरला, तरी 'टेक ऑफ'. कोणाची नक्कल करणे हाही ह्याचा एक अर्थ आहे. कर्ता कोण, विमान की पाहुणा, हे पाहिल्यावाचून येथे अर्थ लावू नये.

दुसरा 'इन', म्हणजे आत. निराधार मुलाला घरात घेतले, 'टुक हिम इन'. चोळी सैल झाली म्हणून शिवण आत घेतली, 'टुक इट इन'. व्याख्यान मनात उतरले, तेही 'टेक इन'. परंतु 'शी वॉज टेकन इन बाय द एजंट' ह्याचा अर्थ दलालाने तिला आसरा दिला असा बहुधा नसतो. तो तिला फसवून गेला, असा असतो. 'डोन्ट बी टेकन इन बाय फॉल्स मेसेजेस' अशी सूचना वाचण्यात आली, तर ती फसव्या संदेशांपासून सावध करणारी आहे, हे घरातील प्रत्येकाला कळले पाहिजे. अशा जागी एका लहान शब्दाची किंमत पैशांत मोजावी लागते.

आणखी एक भेद लक्षात असू द्यावा. इंग्रजीतही काही वेळा हा सोबती संस्कृत उपसर्गाप्रमाणे आधी येऊन चिकटतो. तेव्हा अर्थ पार बदलतो. शहीद पथावर एक मोटार दुसरीला मागे टाकून जाते, ते 'ओव्हरटेक'. तोच 'ओव्हर' मागे गेला, की 'टेक ओव्हर', म्हणजे ताबा घेणे. पुढची मोटार ओव्हरटेक करणे हा वाहन चालविण्याचा भाग झाला. तीच मोटार 'टेक ओव्हर' केली, तर मालक तक्रार करील.

एक नियम

पाठ करावा असा नियम एकच. 'टेक ऑफ युवर शूज' आणि 'टेक युवर शूज ऑफ' ही दोन्ही वाक्ये बरोबर आहेत. पण नामाऐवजी सर्वनाम आले, तर ते मध्येच बसले पाहिजे : 'टेक देम ऑफ'. 'टेक ऑफ देम' असे म्हणू नये. डाउन, बॅक, आउट, अप, इन आणि ऑन ह्यांना हाच नियम लागू. 'आफ्टर' आणि 'टू' मात्र क्रियापदापासून दूर होत नाहीत. तेथे सर्वनाम शेवटी येते : 'शी टेक्स आफ्टर हर'.

यादी का नको?

दिवस काढणे, झोप काढणे, समजूत काढणे, चित्र काढणे, पळ काढणे, गळा काढणे. 'काढणे' ह्या क्रियापदाचे हे प्रयोग कोणत्या मराठी मुलाने यादी करून पाठ केले आहेत? आजीने पाहुण्याची समजूत काढली, ते त्याने ऐकले. धाकट्याने गळा काढला, ते पाहिले. प्रत्येक प्रयोग त्याच्या मनात एका प्रसंगासह राहिला. इंग्रजी प्रयोगही तसेच राहू द्यावेत. एक वही करावी. दिवसाकाठी एकच जोडक्रियापद, त्याचे आपल्या घरातील किंवा कार्यालयातील एक वाक्य आणि शेजारी त्याचा मराठी जोडीदार, एवढेच लिहावे. जोडीदार सापडला नाही, तर त्या प्रयोगाखाली रेघ ओढावी, कारण चूक होण्याचा संभव तेथेच अधिक. ऐकलेले वाक्य विचित्र वाटले, तर समोरच्याला अर्थ विचारण्यात कमीपणा नाही. 'विनय' आणि 'नी' ह्यांचे नाते ज्याला कळते, त्याच्या अंगी भाषेची समज आहेच. उरतो तो केवळ सराव, आणि त्याला वयाची अट नाही.

स्वाध्याय

पुढील वाक्यांचे अर्थ मराठीत सांगा.

१. द टेलर टुक अप द कर्टन्स.
२. ग्रँडफादर हॅज टेकन टू मॉर्निंग वॉक्स.
३. आय टेक बॅक माय वर्ड्स.
४. द फॅक्टरी टुक ऑन टेन वर्कर्स.
५. शी टेक्स ओव्हर ऑन मंडे.
६. 'टेक डाउन द अॅड्रेस' ह्यातील 'अॅड्रेस'च्या जागी 'इट' घालून वाक्य पुन्हा लिहा.

उत्तरे : १. शिंप्याने पडदे आखूड केले. २. आजोबांना सकाळी फिरण्याची गोडी लागली आहे. ३. मी माझे शब्द मागे घेतो. ४. कारखान्याने दहा कामगार कामावर घेतले. ५. सोमवारी ती सूत्रे हाती घेते. ६. टेक इट डाउन.

पुढील खेपेस 'पुट' ह्या क्रियापदाचा परिवार पाहू. तोवर ज्या जोडक्रियापदांना मराठी जोडीदार सापडला नाही, ती वाचकांनी अवश्य कळवावीत.